आकाशात दोरा, पतंग कुठेच नाही

पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, मी दांडिया बाजारात राहते. वय ५७. शाळेत असल्यापासून चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सातच्या आसपास. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दुपारी आम्ही सगळे पतंग उडवायला गच्चीवर होतो. वर बघताना उजव्या डोळ्यासमोर एक काळा दोरा आला. वाटलं, कुणाचा तरी कापलेला मांजा असेल. हाताने बाजूला करायला गेले तर हातात काहीच नाही! नजर फिरवली की दोराही फिरतो, नजर थांबली की मागून तरंगत येतो. वासी उत्तरायणला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी आतल्या खोलीत दिवा न लावता गेले, तर त्याच डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. तीन-चार वेळा झालं. डोळा दुखत नाही, लाल नाही, पाणी येत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला, तो होता तेवढाच आहे. भावजी म्हणतात पित्त वाढलंय. मार्चमध्ये पुण्याला भाचीचं लग्न आहे, ते उरकलं की दाखवीन म्हणते. चालेल ना?

जाता जाता आणखी दोन गोष्टी. ह्यांना बारा वर्षं डायबिटीस आहे, पण वयाच्या ६२ व्या वर्षी पेपर बिनचष्म्याने वाचतात, म्हणून डोळे दाखवायला तयार नाहीत. आणि सासूबाईंना (वय ७९) खिडकीचे गज वाकडे दिसतात. मोतीबिंदू पिकला की ऑपरेशन करू, म्हणून थांबलोय.

— एक वाचक, बडोदे

उत्तर

ताई, तुमचं पत्र सदरात नंबर लागेपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. म्हणून कचेरीतून त्याच दिवशी तुम्हाला निरोप गेला, की लग्नाचं नंतर बघू, आज नाहीतर उद्या सकाळी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही गेलात, फार बरं केलंत. तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीवरून कळलं, की उजव्या डोळ्यात पडद्याच्या वरच्या कडेला घोड्याच्या नालाच्या आकाराची चीर निघाली आणि डॉक्टरांनी लगेच लेझर केला. आता तुम्ही विचारताय, की एवढी चीर पडली तर दुखलं कसं नाही, लेझर होऊनही दोरा का दिसतो, आणि पुण्याला विमानाने जाऊ का. सांगतो. घरातल्या दोघांबद्दलही सांगतो, कारण खरं तर मला तुमच्याइतकीच त्यांचीही काळजी वाटली.

आधी दुखण्याचं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे बुबुळावरची काच, फार हुळहुळी असते. तिथे धुळीचा कण गेला तरी माणूस नाचतो. मागच्या पडद्यात, पुस्तकी भाषेत दृष्टिपटलात, दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. तिथे फाटो, रक्त येवो, सूज येवो, दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. पडद्याला फक्त प्रकाश कळतो. त्याला कशानं ओढलं तरी तो मेंदूला ‘उजेड दिसला’ असंच कळवतो. लहानपणी डोळे जोरात चोळले की मिटल्या पापण्यांमागे ठिणग्या दिसायच्या, त्या याच कारणानं. तुम्हाला अंधारात चमकलं ते बाहेर कुठे चमकलंच नव्हतं. आतून पडदा ओढला जात होता.

ओढत कोण होतं? डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेली असते. तिच्यात ९८-९९ टक्के पाणीच असतं, बाकी अतिशय बारीक तंतूंचं जाळं. तरुणपणी ही जेली घट्ट असते आणि पडद्याला चिकटून बसलेली असते. वय वाढलं की ती जागोजागी पातळ होते, आक्रसते आणि पन्नाशी-साठीनंतर कधीतरी पडद्यापासून सुटते. हे बहुतेकांच्या बाबतीत होतं आणि तो आजार नव्हे. सुटताना तिच्यातले तंतू एकत्र गोळा होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. तुमचा ‘मांजा’ म्हणजे ही सावली. ती दिसायला मागे उजळ, कोरी जागा लागते: पांढरी भिंत, मोबाइलचा स्क्रीन किंवा जानेवारीतलं निरभ्र आकाश. एरवी वर्षभर आपण आकाशाकडे बघतो किती? उत्तरायणला मात्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत मान वरच असते. दोरा कदाचित चार दिवस आधीच आला असेल, तुम्हाला दिसला त्या दिवशी.

पंचाईत होते ती पुढे. जेली सगळीकडून सहज सुटते असं नाही. एखाद्या ठिकाणी ती जास्त घट्ट चिकटलेली असली, तर सुटताना पडद्याचा तुकडाच उचकटते आणि चीर पडते. अचानक नवे दोरे, ठिपके, चमक घेऊन येणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांच्या पडद्याला अशी चीर सापडते. बाकी पंचाऐंशी-नव्वद जणांना ‘काही नाही, घरी जा’ असं सांगता येतं. पण आपण त्या दहा-पंधरांत आहोत की नव्वदांत, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. मलाही माझ्या स्वतःच्या डोळ्याचं कळणार नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, पडद्याच्या थेट कडेपर्यंत बघितल्याशिवाय ते कळत नाही.

चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीने तुमची फसगत झाली, आणि अशी फसगत खूप जणांची होते. दुकानदाराची त्यात चूक नाही. त्याने नंबर तपासला, नंबर बरोबर होता. पण नंबर तपासणं म्हणजे पडद्याच्या अगदी मधल्या भागाची परीक्षा घेणं, बाकीच्या पडद्याशी त्याचा काही संबंध नाही. हे समजायला पडद्याची रचना थोडी बघावी लागेल.

पडदा डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीला अस्तरासारखा लागलेला असतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दहा थर मोजतात. गंमत अशी, की उजेड टिपणाऱ्या पेशी सगळ्यात पुढे असायला हव्यात असं आपल्याला वाटेल, तर त्या असतात जवळपास सगळ्यात मागे. प्रकाशाला आधी नसांचे तंतू, मग मधल्या जोडणाऱ्या पेशी असे थर ओलांडून तिथपर्यंत जावं लागतं. या पेशी दोन जातींच्या. दंडपेशी सुमारे १२ कोटी, अंधुक उजेडात आणि कडेच्या नजरेत काम करणाऱ्या, रंग न ओळखणाऱ्या. शंकूपेशी सुमारे ६० लाख, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या, त्यांची दाटी पडद्याच्या मध्यभागी. हा मध्यभाग म्हणजे मॅक्युला, साधारण साडेपाच मिलिमीटरचा. त्याच्या पोटात फोव्हिआ नावाचा दीड मिलिमीटरचा खळगा. त्या खळग्याच्या तळाशी एकही दंडपेशी नाही, रक्तवाहिनी नाही, वरचे थरही बाजूला सरकलेले असतात, म्हणजे प्रकाशाला मधे अडथळा नको. तुम्ही हे अक्षर वाचताय ते तिथे. दुकानातला तक्ताही तिथेच वाचला जातो आणि ह्यांचा पेपरही.

म्हणजे बघा, चीर पडली होती कडेला आणि परीक्षा घेतली मधल्या खळग्याची. त्यात तुम्ही पैकीच्या पैकी मार्क मिळवलेत.

चिरेचं पुढे काय झालं असतं? जेलीतलं पातळ पाणी त्या चिरेतून पडद्याच्या मागे शिरतं. भिंतीत पाणी मुरलं की रंगाचा पोपडा सुटत जातो, तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. आता उजेड टिपणाऱ्या त्या पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळतं ते मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. समोरच्या थरांसाठी वेगळी रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी नळी, आहे, पण या पेशींची भिस्त मागच्या पुरवठ्यावर. पडदा उचलला गेला की त्यांची उपासमार सुरू होते. रुग्ण सांगतो, ‘एका बाजूने काळी सावली आली’, ‘पडदा ओढल्यासारखं झालं’. सावली कडेला आहे तोवर मॅक्युला जाग्यावर आहे, अशा वेळी ऑपरेशन झालं तर नजर बहुधा पहिल्यासारखी राहते. एकदा मॅक्युला उचलला गेला की पडदा परत बसवता येतो, पण नजर पूर्वीसारखी होईलच असं सांगता येत नाही, आणि जितके दिवस जातील तितकं हाती लागणारं कमी. म्हणून तुमच्या पत्रातला ‘मार्चमध्ये’ हा शब्द वाचून मी चहा अर्धा टाकून उठलो.

शंभर वर्षांपूर्वी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला, असंच धरायचे. महिनोन्महिने पडून राहा, एवढाच उपाय. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या झ्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की मूळ दुखणं चीर आहे, ती शोधून बंद केली तर पडदा बसतो. त्यांनी तापलेल्या सुईने चटका देऊन ती बंद केली, आणि पुष्कळांनी आधी त्यांना वेड्यात काढलं. आज आपण लेझरने करतो ते त्याच विचारातून आलेलं आहे.

तुम्हाला लेझर केला म्हणजे चीर बुजवली नाही, तिच्याभोवती दोन-तीन रांगांत चटके देऊन पडदा मागच्या थराला चिकटवून टाकला. हिरवा लखलखाट दिसला असेल, एखाद्या ठिकाणी आत टोचल्यासारखंही झालं असेल, कारण पडद्याला कळत नसलं तरी त्याच्या मागच्या थराला कळतं. ती चिकटण पक्की व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर जड उचलणं, धावपळ, लग्नाच्या खरेदीतल्या पिशव्या हे सगळं दुसऱ्यांना करू द्या आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.

दोरा मात्र जाणार नाही, कारण दोऱ्याला लेझर केलेलाच नाही. तो जेलीत आहे, लेझर पडद्यावर झाला. काही आठवड्यांत-महिन्यांत तो खाली सरकेल, फिका होईल आणि मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल. एक दोरा आहे तसाच राहिला तर घाबरायचं नाही. पण अचानक काजळी उडाल्यासारखे शेकडो काळे ठिपके आले, चमक पुन्हा वाढली, किंवा कडेने सावली सरकायला लागली, तर रविवार असो, होळी असो, त्याच दिवशी जायचं. डाव्या डोळ्याची जेलीही पुढच्या वर्ष-दोन वर्षांत अशीच सुटण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा ‘मागच्या वेळी झालं होतं तेच असेल’ म्हणून घरी बसू नका. त्या डोळ्याचीही अशीच तपासणी लागेल.

इथेच एक फरक सांगून ठेवतो, कारण या लक्षणांवरून अर्धशिशीवाले उगाच धास्तावतात. अर्धशिशीत दिसणारी चकाकी नागमोडी कडांची असते, नजरेच्या मध्यापासून सुरू होऊन हळूहळू पसरते, वीस-तीस मिनिटांत विरते आणि बहुधा मागून डोकं धरतं. कुठलाही डोळा झाकला तरी ती दिसतेच, कारण ती मेंदूत तयार होते. पडद्याची चमक एकाच डोळ्यात, कडेला, क्षणभराची, अंधारात जास्त. पित्ताने यातलं काहीच होत नाही, भावजींना माझा नमस्कार सांगा.

आता तुमच्या उणे सात नंबराबद्दल. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, असा डोळा मुळात लांबट असतो. साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटरच्या आसपास, तुमचा २६ च्या पुढे असेल. तेवढ्या लांबीवर पडदा ताणला जातो, कडेला विरतो, आणि जेलीही लवकर पातळ होते. मोठ्या उणे नंबराच्या माणसाने वर्षातून एकदा थेंब घालून पडदा दाखवावा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि फारच थोडे ऐकतात. लग्नाआधी मुलींचा चष्मा काढून टाकायचं लेझर ऑपरेशन हल्ली सर्रास होतं. तुमच्या भाचीचं झालं असेल तर तिलाही सांगा, की त्या ऑपरेशनने पुढच्या काचेचा आकार बदलला, मागचा लांबट डोळा होता तसाच आहे. चष्मा गेला, नंबरामुळे येणारी जोखीम गेली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, डोळ्याला मुका मार लागलेल्यांना आणि घरात कुणाचा पडदा सुटलेला असेल त्यांनाही हेच लागू. धुळेटीला, म्हणजे धुळवडीला, पाण्याचा फुगा डोळ्यावर बसला आणि सूज दोन दिवसांत उतरली, तरी एकदा पडदा बघून घ्यावा. मार लागल्यानंतर चीर काही आठवड्यांनीही त्रास देते.

आता ह्यांचं. साहेब वाचत असतील तर थेट त्यांनाच सांगतो. ६२ व्या वर्षी बिनचष्म्याने पेपर वाचता येतो, याचा अर्थ डोळा फार चांगला आहे असा नाही. चाळिशीनंतर जवळचं वाचायला जवळजवळ सगळ्यांनाच चष्मा लागतो. ज्यांना लागत नाही त्यांना बहुतेक वेळा थोडा उणे नंबर असतो. कधीकधी तर वाढणाऱ्या मोतीबिंदूमुळे असा नंबर येतो आणि माणूस खूष होतो की माझा चष्मा सुटला. तुम्ही एकदा डावा डोळा झाकून लांबची पाटी वाचून बघा, मग उजवा झाकून.

डायबिटीस पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतो. आधी त्यांना सूक्ष्म फुगे येतात, मग रक्ताचे ठिपके, मग चरबीयुक्त पिवळट डाग. काही रक्तवाहिन्या बंद पडतात, तिथला पडदा प्राणवायूसाठी आक्रोश करतो, आणि त्याला उत्तर म्हणून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की जेलीत रक्त सांडतं. हे सगळं कडेला चाललेलं असताना मधला दीड मिलिमीटरचा खळगा कोरडा असेल, तर पेपर झकास वाचता येतो. एक दिवस मॅक्युलाला सूज येते किंवा रक्त सांडतं, आणि मग लोक म्हणतात, ‘काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं.’ ठीक नव्हतं, फक्त कळत नव्हतं.

टाइप २ डायबिटीसचं निदान होतं त्याच्या आधी काही वर्षं साखर वाढलेली असू शकते. म्हणून निदान झालं त्याच वर्षी पडद्याची पहिली तपासणी आणि नंतर दरवर्षी एक, असा नियम आहे. तुमची बारा वर्षं झाली, त्यात एकदाही झाली नसेल तर आता पुढची तारीख शोधत बसू नका. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा रिपोर्ट पडद्याबद्दल काहीच सांगत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, रक्तदाब, मूत्रपिंडाची तपासणी, हेही सोबत लागतं. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ साली आले, त्यात साखर नीट ताब्यात ठेवणाऱ्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे पाव हिश्शाने कमी होते. मोफत मिळणारं याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही.

आणि पडद्याला सूज निघाली तरी आज उपाय आहेत. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की मोठमोठ्या बाप्यांचे पाय लटपटतात. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनने धुतात, आणि काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून बारीक सुई जाते. दोन-चार सेकंदांचं काम. अवघड आहे ते पुन्हा पुन्हा जाणं. सुरुवातीला दर महिन्याला एक असं चालतं, आणि दोन इंजेक्शनांनंतर जरा बरं वाटलं की लोक थांबतात. मग पाणी पुन्हा साचतं. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, औषधांच्या किमतींत फार फरक असतो. सयाजी हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग असतो, तिथे जायला लाजू नये.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी जरा कडक बोलणार आहे. मोतीबिंदूने धूसर दिसतं, दिव्याभोवती वलय दिसतं, रंग मळकट होतात. मोतीबिंदूने सरळ गज वाकडे दिसत नाहीत. गज वाकडे दिसतात तेव्हा मॅक्युलाचा पृष्ठभागच वर-खाली झालेला असतो, त्याच्याखाली पाणी किंवा रक्त साचलेलं असू शकतं. या वयात त्याचं पहिलं संशयित कारण म्हणजे वयोमानाने मॅक्युला झिजण्याच्या आजाराचा ओला प्रकार. त्यात मागच्या थरातून कच्च्या रक्तवाहिन्या वर चढतात. वेळेत सापडला तर त्याच इंजेक्शनांनी नजर टिकवता येते. महिनोन्महिने गेले तर तिथे व्रण तयार होतो आणि मग मधला डाग कायमचा. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघणं ही तर आपल्या आज्यांच्या काळची गोष्ट, तेव्हा ऑपरेशनची पद्धत वेगळी होती. त्यांना याच आठवड्यात न्या. ओसीटी नावाची तपासणी आहे, डोळ्याला हात न लावता दोन मिनिटांत पडद्याच्या थरांचा उभा छेद दिसतो.

घरी बघायचं असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. जवळचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मधल्या एखाद्या तारखेकडे नजर रोखायची. नजर न हलवता आजूबाजूच्या चौकटींच्या रेघा सरळ दिसतात का, एखादा चौकोन गायब किंवा पुसट आहे का, ते बघायचं. मग दुसरा डोळा. डॉक्टर यासाठी अ‍ॅम्सलर ग्रिड नावाचा दहा सेंटिमीटरचा चौकोनांचा तक्ता देतात. तो काढणारे मार्क अ‍ॅम्सलर हे वर सांगितलेल्या गोनँच्याच हाताखाली शिकलेले.

एक-एक डोळा झाकूनच का? कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. मेंदू तर त्याहून बिलंदर. आपल्या प्रत्येक डोळ्यात जन्मापासून एक आंधळी जागा आहे. दहा-बारा लाख नसांचे तंतू जिथून एकत्र होऊन डोळ्याबाहेर पडतात, तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पटत नसेल तर कागदावर आठ सेंटिमीटर अंतराने डावीकडे फुली आणि उजवीकडे ठळक ठिपका काढा, डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडे बघत कागद पुढे-मागे करा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल आणि त्या जागी कोरा कागद दिसेल. भोक नाही, काळा डाग नाही. मेंदूने परस्पर भरून टाकलं. सतराव्या शतकात मारिऑत नावाच्या फ्रेंच माणसाने हे शोधलं, तोवर कुणालाच पत्ता नव्हता. आजाराने पडलेली भोकंही मेंदू काही काळ अशीच सांधून घेतो.

याच ओघात, तुम्ही विचारलं नसलं तरी: एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता पूर्ण गेली, तर तो पडद्याच्या रोहिणीत अडकलेला गुठळा असू शकतो. मेंदूच्या झटक्याचाच तो भाऊ. तिथे हिशोब तासांचा असतो, डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ बघायची नाही, तातडीची सेवा असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचं. पाच-दहा मिनिटं नजर जाऊन आपोआप परत आली तरी तसंच, ती पुढच्या झटक्याची सूचना असते. लहान किंवा तरुण वयात कुणी संध्याकाळ झाली की ठेचकाळत असेल, दाराच्या चौकटीला खांदे आपटत असतील, तर तो वेंधळेपणा समजून रागवू नका. दंडपेशींचा आनुवंशिक आजार असू शकतो, आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल होती, त्या घरांत जास्त लक्ष ठेवावं. आणि सूर्याकडे बघत त्राटक करून नजर सुधारत नाही. फोव्हिआ भाजतो, आणि तोही न दुखता.

विमानाचं राहिलं. तुम्हाला नुसता लेझर झालाय, तेव्हा चिकटण पक्की झाल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की खुशाल जा. पडदा सुटून ऑपरेशन झालं असतं आणि डोळ्यात वायूचा फुगा भरला असता, तर तो विरेपर्यंत विमानही नाही आणि उंच घाटही नाही. वर हवेचा दाब कमी झाला की तो फुगा फुगतो आणि डोळ्यातला दाब भयंकर वाढतो. मार्चमध्ये विमानाने जायची मुभा आहे ती तुम्ही जानेवारीत गेलात म्हणून.

तुमची पुढची तपासणी याच आठवड्यात असेल, तर ह्यांना आणि सासूबाईंना सोबतच घेऊन जा, एका फेरीत काम होईल. दर दहा मिनिटांनी थेंब घालतात, बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून, कधी पापणीवरून छोट्या धातूच्या काडीने दाबून कडेपर्यंत बघतात. थोडं नकोसं वाटतं, दुखत नाही. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. गॉगल न्या, सही लागणारे कागद आधीच वाचून घ्या. आणि अ‍ॅक्टिव्हा घरी ठेवा, तिघांनाही थेंब घातल्यावर ती चालवणार कोण? रिक्षा करा.